माय-लेकरू भात

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसानं दुष्काळात आपल्या गल्लीत राहू नये. दुसरीकडं कुठंही राहावं. मी आयुष्यभर त्या खात्यात कारकुनी केली, कार्यालय अधीक्षक म्हणून बाहेर पडलो, आणि एवढ्या नोकरीत पाण्याचा एक थेंबही माझ्या हातून इकडचा तिकडं झाला नाही. झाल्या त्या फायली. पण सोळा सालच्या त्या मार्चमध्ये उदगिरात टँकर आला नाही की आमची गल्ली माझ्या दाराकडं बघायची. जणू निरोपसमारंभाच्या दिवशी मी नारळ आणि शालीबरोबर एखादं धरणही पिशवीत घालून आणलं होतं. समोरचे व्यंकटराव, निवृत्त मास्तर, रोज सकाळी रिकामी बादली वाजवत विचारायचे, "काय सोनकांबळे साहेब, कधी सोडता पाणी?"

मी हसायचो. अधिकाऱ्यानं हसण्यावारी न्यावं लागतं.

अशा या गावात माझी नातवंडं बापाबरोबर सुट्टीला आली. जपानहून. पोहण्याचे चष्मे घेऊन.

माझा मुलगा धम्मपाल नागोयाला मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याची बायको सायुरी तिकडचीच, शाळेत शिकवणारी. मोठी माया नऊ वर्षांची, धाकटा रिओ पाच. आजोबांचं गाव उष्ण देशात आहे एवढं पोरांना सांगितलेलं होतं. उष्ण देश म्हणजे समुद्र, नारळ आणि दिवसभर पाण्यात डुंबणं, हे त्यांनी चित्रं बघून आपलं आपण ठरवलं. रिओच्या बॅगेतून रबरी टोपी निघाली, हवा भरायचं बदक निघालं आणि निळा चष्मा. आल्या आल्या तो म्हणाला, "जिजी, समुद्र कुठे?"

जिजी म्हणजे जपानीत आजोबा. आमच्याकडं जिजी म्हणतात म्हाताऱ्या बाईला. त्या दिवसापासून गल्लीतली पोरं मला जिजी म्हणायला लागली. कार्यालय अधीक्षकाला.

समुद्राला पर्याय म्हणून मी दोघांना गावाबाहेरच्या तलावावर नेलं. तळाच्या गाळाला भेगा पडलेल्या, एका भेगेत रिओचा बूट अडकला. तेवढ्यात वावटळ उठली. सगळे डोळे चोळत बसले, रिओनं मात्र शांतपणे चष्मा चढवला. त्या दिवशी तलावावर पूर्ण तयारीनं आलेला माणूस तेवढा एकच होता.

सायुरी मागून येणार होती. तिच्या पोटात दुखत होतं, तपासण्या राहिल्या होत्या, त्या उरकून यायचं ठरलं होतं. तिच्याऐवजी दवाखान्याचा फोन आला. ऑपरेशन याच आठवड्यात करायचं म्हणाले. धम्मपाल पोरांना आमच्याकडं ठेवून उलटपावली निघाला. निघताना मला अंगणाच्या कोपऱ्यात घेऊन गेला.

"बाबा, पोरांना काही सांगू नका. आई कामात आहे, एवढंच म्हणा."

"आणि मला काय सांगतोस?"

"मलाच अजून नीट ठाऊक नाही. तुम्हाला काय सांगू?"

बाप परत गेला आणि रिओनं खाणं सोडलं. हट्ट नाही, रडारड नाही. पुढ्यात ताट आलं की तो त्याच्याकडं बघायचा, दोन्ही हात मांडीवर ठेवायचा आणि बसून राहायचा. माझी बायको प्रेमला हिनं वरणभात करून पाहिला, शिरा केला, गुळाच्या पोळ्या केल्या. दह्याचे दोन चमचे पोटात गेले तरी आम्ही एकमेकांकडं बघून मान हलवायचो. गल्लीला हे कळायला वेळ लागला नाही. सल्ले मात्र पाण्यासारखे नव्हते, भरपूर होते. व्यंकटरावांनी एरंडेल सांगितलं. कुणी म्हणालं, विमानात बसल्यानं भूक उलटी फिरते. कुणी म्हणालं, जपानी लेकरांना कच्चा मासा लागतो, दुसरं काही पचतच नाही. उदगिरात शिजवलेल्या माशाचे वांधे, कच्चा कुठून आणू?

शेवटी मायाच एकदा माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. तिचं मराठी बापाकडून आणि पुस्तकांतून आलेलं, त्यामुळं एकदम स्वच्छ. ती बोलायला लागली की मला आपल्या शर्टाची बटणं नीट आहेत का ते बघावंसं वाटायचं.

"आजोबा, रिओला ओयाकोदोन हवे आहे. घरी आई करते."

"ते काय असतं?"

"कोंबडी, अंडे आणि कांदा. गोड आणि खारट रश्श्यात. भातावर घालतात."

"दोन?" एरंडेलाची बाटली घेऊन आलेले व्यंकटराव मधेच म्हणाले. "दोन कशाला साहेब, आधी एक तर करा."

"दोन म्हणजे वाडगा," माया म्हणाली. मास्तरांनी बाटली या हातातून त्या हातात घेतली. वर्गात असं त्यांना कुणी कधी सांगितलं नसावं.

झालं, मी ठरवलं. कोंबडी, अंडं, कांदा. यात अवघड काय आहे? मी मोठमोठ्या निविदा काढलेल्या होत्या. एकच अडचण अशी की मला चहापलीकडं काही येत नव्हतं, आणि प्रेमला विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आल्यापासून मांसाला हात लावत नव्हती.

"लेकरासाठी घरात करा, माझी ना न्हाई," ती म्हणाली. "मी दारात बसून सांगीन."

"तुला कुठं येतं ते जपानी?"

"तुम्हाला तरी कुठं येतं?"

पहिलं सामान होतं सोया सॉस. आमचा आख्खा लातूर जिल्हा सोयाबीन पिकवतो. मोंढ्यात सोयाबीन, गोदामात सोयाबीन, चहाच्या टपरीवर सोयाबीनच्या भावाची चर्चा. मी मोठ्या ऐटीत किराणा दुकानात गेलो. दुकानदारानं आधी तेलाची पिशवी पुढं केली. मग सोयावड्या. मग म्हणाला, "पेंड हवी असंल तर मोंढ्यात जा, साहेब. म्हशीला का?" मी म्हणालो, नातवाला. गिऱ्हाईकं माझ्याकडं वळून बघायला लागली.

अखेर पंढरी आठवला. बसस्थानकाजवळ त्याची 'पंढरी चायनीज' नावाची गाडी. भांडी धुवायला पाणी नाही म्हणून गाडी ताडपत्रीखाली आणि पंढरी घरी बसून. त्यानं माळ्यावरून अर्धी बाटली काढली. झाकण इतकं घट्ट बसलेलं की ते काढताना आम्ही दोघंही घामाघूम.

"घेऊन जा साहेब. ही पुडी पण ठेवा, अजिनोमोटो. हे जपानचंच हाय. लेकराला वास वळखीचा येईल."

मी त्याचे आभार मानले. चायनीजच्या गाडीवर मी आयुष्यात कधी उभा राहिलो नव्हतो, आणि त्या माणसानं माझ्या नातवाच्या नाकापर्यंतचा विचार केला होता.

आता उरली कोंबडी. आणि नेमका दुसऱ्या दिवशी उदगीर बंद.

बंद जिल्ह्यासाठी होता. उदगीर वेगळा जिल्हा व्हावा ही मागणी आमच्याकडं जुनी आहे आणि दर उन्हाळ्यात ती नव्यानं तापते. मी याबाबतीत जरा थंड असतो. बयाऐंशी साली लातूर उस्मानाबादेतून निघून जिल्हा झाला तेव्हा मी नोकरीत नवा होतो. आम्ही फटाके उडवले होते. आम्हाला वाटलं होतं, जिल्हा झाला की पाणी येईल. आल्या त्या फायली, बैलगाड्या भरून. पण हे गल्लीत बोलायची सोय नव्हती, कारण आमचे शेजारी गुरुबसप्पा कृती समितीचे पुढारी. भुसाराचे व्यापारी, घराणं शुद्ध शाकाहारी, कपाळाला विभूती. आणि मुख्य म्हणजे त्यांच्या बोअरला अजून थोडं पाणी होतं. त्यातून ते शेजाऱ्यांना एकेक घागर देत, आम्हालाही देत. त्यामुळं जिल्हा व्हावा असं मलाही वाटत होतं.

बंदच्या सकाळी प्रेमला टँकरच्या रांगेत गेली आणि मी दोन्ही पोरांना घेऊन ख्वाजामियांच्या दुकानी. शटर खाली. मी ठोठावलं. शटर वीतभर वर झालं आणि खालून दोन डोळे दिसले.

"बंद हाय साब. पोट्टे दगडं मारतीं."

"ख्वाजामियाँ, लेकरू उपाशी आहे."

डोळे रिओकडं वळले. रिओनं धुळीसाठी चष्मा घातलेला होता. डोळ्यांना काय वाटलं कोण जाणे, पण आतून सुरीचा आवाज यायला लागला. थोड्या वेळानं शटरखालून काळी पिशवी बाहेर आली.

"धुतली न्हाई साब. पाणीच न्हाई. पुसून दिली."

पुसलेली कोंबडी घेऊन मी चौकातून निघालो. आडवाटेनं जायला हवं होतं. पण अधीक्षक माणूस आडवाटेनं कशाला जाईल? चौकात मांडव, मांडवात साखळी उपोषण, मध्यभागी लोडाला टेकून गुरुबसप्पा. त्यांची नजर आमच्यावर पडली आणि ते लोडावरून जवळजवळ उठलेच.

"अरे, या या, सोनकांबळे साहेब! शरणु! बघा मंडळी, जपानची लेकरं!"

काही कळायच्या आत आम्ही स्टेजवर होतो. पोरांच्या गळ्यात हार पडले. मला उपोषणाला बसलेल्यांच्या ओळीत गादीवर जागा मिळाली. काळी पिशवी कुठं ठेवावी हे न सुचून मी ती मांडीखाली घेतली. मग भाषणं सुरू झाली. एक वक्ता म्हणाला, "उदगीर जिल्ह्याची हाक आज जपानपर्यंत पोचली आहे!" टाळ्या. दुसरा म्हणाला, "जपान अणुबाँबमधून उभा राहिला, मग उदगीर का नाही?" टाळ्या आणखी जोरात पडल्या. उन्हानं मांडवाचं कापड तापलं होतं. मांडीखालची पिशवी गरम लागत होती. एक कुत्रं स्टेजच्या पायरीशी येऊन माझ्याकडं टक लावून बसलं. शेजारी उपोषणाला बसलेले गृहस्थ नाक उडवून म्हणाले, "साहेब, कसला वास येऊन राहिला?" मी म्हणालो, "हारांचा असंल." झेंडूचे हार होते.

मग कुणाला तरी सुचलं, जपानच्या पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत. माईक मायापुढं आला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "माझा भाऊ पुष्कळ दिवस जेवलेला नाही. त्याला भूक लागली आहे. कृपया आम्हाला घरी जाऊ द्या."

उपोषणाच्या मांडवात असं कुणी बोललं नव्हतं. मग सूत्रसंचालकानं माईक ओढून घेतला, "हीच ती भूक! मराठवाड्याची भूक!" आणि पुन्हा टाळ्या. पण गुरुबसप्पांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते रिओकडं बघत होते. त्यांनी हातानंच मला खूण केली, जा.

घरी आलो तर प्रेमला उंबऱ्यावर बसलेली, कोपर सोललेलं. टँकर आला होता. पाइपाखाली दोन बायकांची जुंपली आणि मधे तिची प्लॅस्टिकची घागर चिरली. रांग पुढं सरकली, तिला पुन्हा कुणी शिरू दिलं नाही.

"पाटबंधाऱ्याच्या बायकोला रांग कशाला, असं म्हणल्या," ती म्हणाली. मग पिशवीकडं बघून, "प्यायचं तेवढंच पाणी हाय घरात. त्यातलं कोंबडीला देणार न्हाई मी. आन धुतल्याबिगर ही लेकराच्या पोटात घालायची न्हाई. वास बघा हिचा."

मी वास बघितला नाही. मला तो पाठ झाला होता.

राहिलं एकच दार. गुरुबसप्पा मांडवात होते, घरात त्यांची बायको शिवम्मा. मी आयुष्यात नाना तऱ्हेच्या साहेबांपुढं उभा राहिलोय, पण हातात भांडं घेऊन त्या पायरीशी उभा राहिलो आणि नुसताच दोनदा खाकरलो. आजची घागर सकाळीच नेलेली होती. आणि आता मागायचं होतं ते कशासाठी, हे न सांगता मागणं मला जमेना.

"वहिनी, थोडं पाणी पाहिजे होतं. पण खरं सांगतो, मांस धुवायला पाहिजे."

शिवम्मा उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. "अय्यो," एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, "त्या लेकरासाठी का? काय करून राहिले?"

"जपानी भात असतो एक. कोंबडी आणि अंडं एकत्र. ओयाकोदोन म्हणतात."

"म्हंजे काय?"

मी सकाळीच मायाला अर्थ विचारला होता. विचारलं नसतं तर बरं झालं असतं. "ओया म्हणजे आईबाप. को म्हणजे लेकरू. माय-लेकरू भात."

शिवम्मांनी पदर तोंडाला लावला. "माय आन लेकरू? एकाच पातेल्यात?"

"हाव."

त्यांनी तोंडावरचा पदर खाली घेतला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आई कशी हाय लेकरांची?"

इतक्या दिवसांत गल्लीनं मला एरंडेलापासून कच्च्या माशापर्यंत सगळं सांगितलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि मला एवढंच म्हणता आलं, "आज ऑपरेशन आहे."

त्या आत गेल्या. भरलेली पितळी घागर घेऊन आल्या आणि पायरीवर ठेवली. मी उचलली तेव्हा मागून म्हणाल्या, "घागर राहू द्या तुमच्याकडंच. माघारी आणू नका."

या वाक्याचा अर्थ मला आजपर्यंत लागलेला नाही. आमची घागर फुटल्याचं त्यांना कळलं होतं म्हणून असेल. मांसाला लागलेली घागर घरात नको म्हणूनही असेल. किंवा तिसरंही काही असेल, जे आमच्यासारख्यांना या गावात कुणी तोंडावर सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही. घागर जड होती, काठोकाठ भरलेली होती, आणि मी ती छातीशी धरून घरी आणली.

कोंबडी धुतली. प्रेमला दारात पाटावर बसली, मी ओट्याशी, पोरं माझ्या दोन्ही बाजूंना. खिडकीत व्यंकटराव उगवले, पण प्रेमलानं एकदा बघितलं तशी खिडकी रिकामी झाली. भात झाला होता तो मोकळा. माया म्हणाली, चिकट हवा. मी तो पळीनं चेचला. कांदा चिरताना बोट कापलं. सोया सॉस किती घालायचा हे ठाऊक नसल्यानं बाटली तिरपी केली, तर जे काही तळाला साठलेलं होतं ते एकदम भस्सकन आलं. रस्सा डांबरासारखा काळा झाला. मी साखर घातली. मग पाणी. मग पुन्हा साखर.

हात कोंबडीनं बरबटलेले असतानाच फोन वाजला. धम्मपाल. मायानं तो उचलला, स्पीकर लावला आणि माझ्यासमोर ओट्यावर उभा करून ठेवला. मला तो बंद कसा करतात ते माहीत नव्हतं, आणि हात तर असे.

"बाबा," तो म्हणाला. मागं कुणीतरी जपानीत नावं पुकारत होतं.

"बरं झालं फोन केलास," मी घाईनं म्हणालो. "ओयाकोदोन करून राहिलो. कांदा किती घालायचा?"

मागं आणखी एक नाव पुकारलं गेलं.

"अर्धा. पातळ चिरायचा."

"मी आख्खा चिरला."

"चालेल. सॉस, साखर, पाणी एकत्र उकळायचं. त्यात कांदा. तो मऊ झाला की कोंबडी."

"कोंबडी आता टाकतोय. झाकण ठेवू का?"

"बाबा, त्यांनी उघडलं आणि परत शिवलं."

पातेल्यात बुडबुडे येत होते. मी कोंबडीचे तुकडे एकेक करून आत सोडत होतो. दारात प्रेमलाच्या बांगड्या एकदा वाजल्या.

"हं," मी म्हणालो. "आणि अंडं?"

"काही करता येणार नाही म्हणाले. सगळीकडं पसरलंय."

"धम्मा, अंडं कधी घालायचं?"

तिकडून जो आवाज आला तो फोन खराब असल्यासारखा होता. फोन खराब नव्हता.

"शेवटी," तो म्हणाला. "सगळ्यात शेवटी. हलवायचं नाही." मग एकदम थांबला. "बाबा, स्पीकर चालू आहे का?"

"हाव."

फोन बंद झाला.

रिओ फोडलेल्या अंड्यांच्या वाटीत बोट घालून पिवळा गोल फिरवत होता. त्याला काही कळलं नव्हतं. मायाकडं बघायची मला हिंमत होईना. मी पातेल्यात बघत राहिलो. कांदा विरला, कोंबडी पांढरी झाली, रस्सा आटायला लागला, आणि माझे हात हलेनात.

"अंडे आता घाला, आजोबा," माया म्हणाली. "आई आता घालते."

मी घातलं. हलवलं नाही.

रिओनं पहिला घास घेतला आणि चमचा तोंडात तसाच ठेवून विचार करत बसला. आम्ही तिघंही त्याच्या तोंडाकडं बघत होतो. "खारट," तो म्हणाला. मग, "आईचं असं नसतं." मग पुढचा घास घेतला. आणि पुढचा. वाडगं रिकामं करून त्यानं ते माझ्यापुढं धरलं. मी पुन्हा वाढलं. एरवी हा दिवस माझ्या आयुष्यातल्या मोठ्या विजयांत मोडला असता. मी गल्लीत जाऊन व्यंकटरावांना बोलावून आणलं असतं.

मायानंही सगळं खाल्लं. शेवटचं शीतसुद्धा. हात जोडून जेवणाचे आभार मानले, आईनं शिकवल्याप्रमाणं. मग दोघांची वाडगी एकात एक ठेवून उचलली.

पुढचं इथंच सांगून टाकतो, म्हणजे कुणी विचारायला नको. उदगीर अजून जिल्हा झालेला नाही. पाऊस त्या साली झाला, सप्टेंबरात तर इतका झाला की रस्ते वाहून गेले आणि लोक मला म्हणाले, "साहेब, आता बंद करा." सायुरी त्या पावसाच्या आधीच गेली. धम्मपाल एप्रिलात येऊन पोरांना घेऊन गेला होता, त्यामुळं तिला पोरं भेटली. पोरं तिच्याशी बोलली का, काय बोलली, हे मी विचारलेलं नाही.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच झालेलं नव्हतं. रिओ प्रेमलाच्या मांडीवर पोट टम्म करून झोपला होता. प्रेमलाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याला जाग येऊ नये म्हणून ती ते पुसतही नव्हती. मी ओट्याशी बसून तळाला लागलेलं पातेलं राखेनं घासत होतो, कारण पाणी वाचवायचं होतं. माया येऊन शेजारी उभी राहिली.

"उद्या मी करते," ती म्हणाली.

"तू कशाला, बाळा? मी करतो की. उद्या खारट नाही होणार."

"तिकडे तुम्ही नसणार ना, आजोबा. आणि बाबांना येत नाही. ते नुसते सांगतात." तिनं झोपलेल्या भावाकडं बघितलं. "रिओला रोज भूक लागणार."

मी हातातली राख झटकली. काहीतरी मोठ्या माणसासारखं बोलावं, आई बरी होईल, देवाधर्माचं, औषधपाण्याचं, असं मनात येऊन गेलं. तिच्या तोंडाकडं बघितल्यावर ते बोलायची लाज वाटली.

"हाव," मी म्हणालो. "मग आधी गॅस शिकावा लागंल."

"मला लावता येत नाही. आमच्याकडे वेगळा असतो."

मी तिला पाटावर उभं केलं. काडी कशी धरायची, बटण किती फिरवायचं, तोंड कुठं लांब ठेवायचं, सगळं दाखवलं. पहिल्या वेळी भक्कन जाळ झाला आणि तिचा हात झटकन मागं आला. दुसऱ्या वेळी तिनं डोळे बारीक केले, काडी पुढं नेली, आणि तो पेटला.